चार इंचांची फट आणि एक उंबरा

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा बहुतेकांकडे रंगारी येऊन गेलेला असेल. तेव्हा फराळाच्या आधी एक काम करा. तुमची सोसायटी दोन विंगांची असेल तर गच्चीवर जा आणि दोन विंगांच्या मधली फट शोधा. सापडली तर तिच्यात हात जातो का बघा. जात नसेल तर रंगाऱ्याने ती भरून टाकलेली आहे, आणि भरायला त्याला बहुधा तुम्हीच सांगितलेलं आहे. दिवाळीचं रंगकाम आणि फट बुजवणं ह्यांची आपल्याकडे जोडगोळीच आहे. मी पस्तीस वर्षं नाशकात इमारतींचे सांगाडे डिझाइन केले. त्यातला निम्मा काळ ही एवढीशी जागा रिकामी ठेवा हो, म्हणून लोकांच्या हातापाया पडण्यात गेला. उरलेला निम्मा, ती भरलेली बघून डोकं फिरवून घेण्यात.

स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणजे नक्की काय करते, हे आमच्या सासरी शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. घर कसं दिसेल ते आर्किटेक्ट ठरवतो, बिल्डर ते विकतो, आणि ते उभं कसं राहील हे ठरवायचं काम माझं. कॉलम केवढा, स्लॅब किती जाड, सळ्या कुठे आणि किती. ह्यात कुणालाही रस नसतो, आणि नसला तरी बिघडत नाही. पण नकाशावर मी दोन इमारतींच्या मध्ये सोडलेली चार इंच जागा मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांत सलते. बिल्डरला ती वाया गेल्यासारखी वाटते, गवंड्याला अर्धवट राहिल्यासारखी, चेअरमनला गळकी आणि वास्तुवाल्याला अशुभ. ती तशीच हवी असते असं वाटणारी मी एकटी.

का हवी असते, ते एकदा सांगून टाकते. तुम्ही कधी पेठच्या घाटातून भरलेल्या जीपने गेला असाल. वळण आलं की सगळे डुलतात, पण सगळे एकदम आणि सारखे डुलत नाहीत. अंगाने जड माणूस सावकाश कलतो, किडकिडीत माणूस चटकन कलून परतही येतो. मग एक इकडे येत असताना दुसरा तिकडे जातो आणि दोघांची डोकी आपटतात. भूकंपात इमारतींचंही हेच होतं. प्रत्येकीची डुलायची आपली आपली चाल असते. उंच इमारत सावकाश डुलते, बुटकी भराभर. शेजारी शेजारी चिकटून उभ्या असल्या तर त्या एकमेकींना धडका देतात. एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमच्या कंबरेत बसला तर मग विचारूच नका. ह्यावर उपाय फार सोपा आहे. मधे दोघींना डुलता येईल एवढी जागा ठेवायची. मजले जास्त तर जागा जास्त, त्याचा हिशेब नियमात दिलेला आहे. एवढंच आहे माझं शास्त्र. ह्याला ना जास्तीचं सिमेंट लागतं, ना लोखंड. फक्त काहीही करायचं नसतं, आणि तेच माणसाला जमत नाही.

"पण मॅडम, नाशकात कुठे भूकंप होतो?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता विचारणाऱ्याचं तोंड उघडलं की मला तो आधीच ऐकू येतो. पेठ, सुरगाण्याच्या बाजूला जमीन अधूनमधून थरथरते, हे तिकडच्या माणसांना पाठ असतं. इकडे शहरात ती बातमी पेपरच्या आतल्या पानावर येते आणि त्या पानावर भजी येतात.

अशा फटींमधून मी काय काय बाहेर काढलंय त्याची यादी द्यायची तर हा अंक पुरणार नाही. विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा वाळलेला माल तर असतोच. काम चालू असताना गवंड्याला टोपलीभर राडा टाकायला ह्याहून सोयीची जागा सापडत नाही. सेंट्रिंगच्या फळ्या असतात, कबुतरांची घरटी असतात, क्रिकेटचे चेंडू तर शाळेची टीम चालेल इतके. सातपूरला एका इमारतीत फटीच्या तोंडावर फळी ठोकून एका बाईंनी पाच वर्षं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. गारवा चांगला असतो म्हणे. मी बरण्या हलवायला सांगितल्या तर त्यांनी मला कैरीचं लोणचं वाढलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. लोणचं चांगलं होतं, ह्याचा मला जास्त राग आला.

पण ज्या फटीपायी माझी झोप उडाली ती मीच सोडलेली होती. इंदिरानगरच्या बाजूची एक चार मजली सोसायटी, दोन विंगा. प्लॉट काटकोनात वळलेला, म्हणून इमारत मी दोन तुकड्यांत केली होती. ए विंगच्या तळाला पार्किंग, बीच्या तळाला दुकानं. म्हणजे दोघींच्या चाली अगदी वेगळ्या. जिनेही दोन, लिफ्ट कुठेच नाही, कारण त्या काळी चार मजल्यांना लिफ्ट म्हणजे चैन वाटायची. ही इमारत उभी राहून वीसेक वर्षं झाली आणि मी कामातून जवळजवळ बाहेर पडले, तेव्हा तिथल्या चेअरमनचा फोन आला. बोरसे त्यांचं नाव. कंपनीत फोरमन म्हणून जन्म गेला होता आणि त्यामुळे समोरचा माणूस कामचुकार आहे असं धरूनच ते बोलायला सुरुवात करत. म्हणाले, दुसऱ्या मजल्यावर भिंतीतून ओल येते आहे, फटीच्या बाजूने. फट तुमची, म्हणजे ओलही तुमची.

मी गेले. गच्चीवरून फटीत टॉर्च मारला. चार मजली फटीतून खालचा उजेड दिसायला हवा, तो दिसेना. तिसऱ्या मजल्याच्या पातळीला काहीतरी काळंभोर अडकलेलं होतं. मी खाली आले आणि ए विंगमधलं तिसऱ्या मजल्यावरचं त्या बाजूचं दार वाजवलं.

दार बाळासाहेबांनी उघडलं. निफाडकडचं शेतकरी कुटुंब. बाळासाहेबांचं शहरात खतं-बियाण्यांचं दुकान, धाकट्या संजयचं सातपूरला लहानसं वर्कशॉप. दोघा भावांनी मुद्दाम एकाच मजल्यावर फ्लॅट घेतले होते, पण एक ए विंगला आणि एक बीला. भिंतीला भिंत, मधे माझी फट. मी कशाला आलेय हे कळल्यावर बाळासाहेब खुलले. म्हणाले, या ना मॅडम, तुम्हाला दाखवतोच.

आणि त्यांनी मला दाखवलं. हॉलच्या भिंतीत एक नवीन दार होतं. सागवानी चौकट, वर तोरण, खाली चांगला वीतभर रुंद काळ्या कडप्प्याचा उंबरा, त्यावर हळदकुंकवाची बोटं. दारापलीकडे संजयचा हॉल. टीव्हीवर दोन्ही घरांत एकच मालिका लागली होती. दोन्ही भिंती फोडून, मधली माझी फट ओलांडून, ह्या भावांनी घराला घर जोडलं होतं. भिंती नुसत्या विटांच्या होत्या, बीम-कॉलमला हात लावलेला नव्हता, एवढंच नशीब. पण उंबरा भक्कम पाहिजे म्हणून गवंड्याने फटीत गोणपाटं आणि विटांचे तुकडे ठासून, त्यावर सळ्या टाकून, ह्या स्लॅबपासून त्या स्लॅबपर्यंत काँक्रीट ओतलं होतं. वर कडप्पा. सांडलेला माल खाली घसरत दुसऱ्या मजल्यावर अडकला होता आणि पावसाचं पाणी त्यात साचत होतं. ओलीचं कोडं सुटलं. माझं डोकं मात्र फिरलं.

मी विचारलं, हे कुणाला विचारून केलं. बाळासाहेब शांतपणे म्हणाले, ह्या बाजूची भिंत माझी, त्या बाजूची संजयची, विचारायचं कुणाला?

"आणि मधलं?" मी म्हटलं.

"मधे काय आहे मॅडम? मधे तर काहीच नाही."

हे वाक्य मी माझ्या ऑफिसच्या दारावर कोरून घ्यायला हवं होतं. पस्तीस वर्षं मला हेच ऐकवलं गेलं. मी जीपचं उदाहरण दिलं, चित्र काढून दाखवलं. दोन इमारती एका काँक्रीटच्या तुकड्याने बांधल्या तर हलताना त्या एकमेकींना ओढतील आणि धडकतील, हे तीन वेळा सांगितलं. बाळासाहेब मान डोलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, पण मॅडम, उंबरा तर पुजलाय.

तेव्हा माझं लक्ष कॉटवर बसलेल्या त्यांच्या आईकडे गेलं. यमुनाबाई. मांडीवर सूप घेऊन मेथी निवडत होत्या. आता मुलाला म्हणाल्या, "उंबरा फोडायचा म्हंत्यात का ह्या बाई?" मी हो म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं आणि उठून आत गेल्या.

दाराचं कारण मला मग कळलं. नवरा गेल्यावर यमुनाबाई गाव सोडून मुलांकडे आल्या. आठ दिवस थोरल्याकडे, आठ दिवस धाकट्याकडे. दोन घरांच्या मधे चार इंच, पण जायचं तर तीन मजले खाली, अंगण ओलांडून पलीकडच्या जिन्याने तीन मजले वर. गुडघे गेलेले. हातात कपड्यांची पिशवी. दर आठवड्याला ही बाई सहा मजल्यांची चढउतार करत होती, आणि ते दोन जिने वेगळे काढण्यात माझाही हात होता. म्हणजे दार हवं होतं हे खरंच. ह्या गोष्टीमुळे माझी फार चिडचिड झाली. समोरचा माणूस सरळ सरळ मूर्ख असला की भांडायला बरं असतं.

मी सोसायटीला पत्र दिलं. मीटिंग झाली. बोरसे माझ्या बाजूने इतके तावातावाने बोलले की मला वाटलं चला, एकाला तरी पटलं. नंतर लक्षात आलं की त्यांना भूकंपाशी काही देणंघेणं नव्हतं, ओल थांबायला हवी होती. दोन्ही भाऊ म्हणाले, मध्ये पाइप टाकून पाणी काढून देतो. त्यावर बोरशांचंही समाधान व्हायला लागलं. तेव्हा मी उभी राहिले आणि वयाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाले की ही इमारत माझ्या सहीने उभी आहे, आणि ती सही मी परत घेते म्हणून महापालिकेला कळवीन. सही अशी परत घेता येते का, मला आजही माहीत नाही. पण उंबरा काढायचा ठराव त्याच मीटिंगमध्ये झाला.

पंधरा दिवसांनी मी रामदासला घेऊन गेले. रामदास भोये सुरगाण्याकडचा. भातलावणीला गावी जातो, एरवी शहरात तोडफोडीची कामं घेतो. फटीत अडकलेला माल इमारतीला न दुखवता काढायचा तर नाशकात माझ्या माहितीत त्याच्यासारखा माणूस नाही. लांब पहारी, वाकड्या केलेल्या सळ्या, असली त्याची स्वतः बनवलेली हत्यारं आहेत. वर्षानुवर्षं मी फटी सोडल्या, गवंड्यांनी भरल्या आणि रामदासने उपसल्या.

तो दारापाशी उकिडवा बसला. उंबऱ्यावरून हात फिरवला. हळदकुंकू बघितलं. मग छिन्नी हातोडी बाजूला ठेवली आणि मला म्हणाला, "ताई, पुजेल उंबऱ्याला मी लोखंड नाय लावणार. मायनं सांगितलं तं लावतो."

मी कपाळाला हात लावला. इतके दिवस मुलांशी, चेअरमनशी, गवंड्याशी भांडले होते आणि आता माझाच माणूस संपावर. पण त्याचं चूक नव्हतं. उंबरा मुलांनी घातला असला तरी पुजला यमुनाबाईंनी होता. मला इतक्या दिवसांत त्यांना विचारायचं सुचलं नव्हतं. मी मालकांशी बोलत होते.

यमुनाबाई येऊन खुर्चीवर बसल्या. मी पुन्हा जीप सुरू केली. त्यांनी ऐकून घेतलं, पण डोळ्यांत काही उतरत नव्हतं. मग रामदास मध्येच बोलायला लागला. त्याच्या गावाकडे जमीन हलते तेव्हा पहिल्यांदा मांडणीवरची भांडी बोलतात, म्हणाला. एकमेकांना आपटून वाजतात. मातीची असली तर फुटतात. म्हणून त्याची बायको मांडणीवर दोन भांड्यांत हात जाईल एवढी जागा सोडून मांडते. चिकटून मांडलेली एकमेकांना घेऊन पडतात. "ही दोन घरं तशीच मांडेल हायेत माय," तो म्हणाला, "मधी हात जाईल एवढी जागा ठिवून."

यमुनाबाई उंबऱ्याकडे बघत राहिल्या. मग मला विचारलं, "म्हंजी दोन घरं येगयेगळी हालत्यात?"

मी म्हटलं, हो.

"अन् उंबरा दोघांचा एकच असला तर?"

"तर जोरात ओढलं की एकाचं घर फुटेल."

"कुणाचं?"

"ते आधी नाही सांगता येत मावशी."

यमुनाबाईंनी आधी थोरल्याकडे बघितलं, मग पलीकडच्या धाकट्याकडे. मग म्हणाल्या, "शेत वाटून घेतलं दोघांनी, मी काय बोल्ले नाय. भांडीकुंडी वाटली, नाय बोल्ले. म्हन्लं उंबरा तरी एक असू द्या." बाळासाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. संजय पलीकडच्या दारात उभा होता, तो आत निघून गेला. मला त्या क्षणी माझ्याच धंद्याचा राग आला. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की हे दोन आहेत, एक समजू नका. पण ते एका आईला तोंडावर सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

यमुनाबाई उठल्या. ओलं फडकं आणून खाली बसल्या. त्या गुडघ्यांनी कसं बसवलं त्यांचं त्यांना माहीत. हळदकुंकू पुसून काढलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि रामदासला म्हणाल्या, "फोडा."

दोन दिवस लागले. रामदासने उंबरा तुकड्या तुकड्याने काढला, खालची गोणपाटं ओढली, दुसऱ्या मजल्यावर अडकलेला माल वरून लांब सळीने फोडून खाली पाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवरून फटीत डोकावले तर तळाशी उजेडाची पट्टी दिसली. पस्तीस वर्षांत जी काही मोजकी सुंदर दृश्यं मी पाहिली त्यांत ही धरते. घरच्यांना हे सांगितलं की ते काळजीने माझ्याकडे बघतात.

चहा पिताना रामदासने विचारलं, ही जागा भरायची नाही असं कागदावर लिहिलेलं नव्हतं का. मी तावाने पिशवीतून जुना नकाशा काढला आणि बोट ठेवलं. होतं की लिहिलेलं, ठळक अक्षरात. त्याने कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, हे तर इंग्रजी हाय. मग अगदी साधेपणाने विचारलं, ह्या बिल्डिंगीवर तेव्हा इंग्रजी कोणाला येत होतं. मी आठवून बघितलं. गवंडी सिन्नरकडचे, मजूर पेठ-सुरगाण्याचे, मुकादम चौथी शिकलेला. मला येत होतं. मी दर नकाशावर, दर इमारतीला, इतकी वर्षं ती सूचना स्वतःलाच लिहीत होते. ज्यांच्यावर मी जन्मभर चिडले त्यांच्यातल्या कितीजणांना मी खरोखर सांगितलं होतं, हा हिशेब मी अजून करत नाही. त्यानंतरची कामं थोडीच होती, पण त्या प्रत्येक नकाशावर मराठीत लिहिलं आणि भिंतीवर तेलरंगाने रंगवूनही घेतलं: ही फट भरू नये. दोन ठिकाणी रंगकामात त्या अक्षरांवरून रंग फिरला. असो.

दार मी ठेवलं. तेवढं मी यमुनाबाईंचं देणं लागत होते. फक्त चौकट एकाच बाजूच्या भिंतीत बसवली, प्रत्येक घराला आपापला उंबरा केला, आणि मधल्या फटीवरून पाय टाकायला स्टीलची पट्टी ठरवली. ह्या पट्टीची गंमत अशी की ती एकाच बाजूला स्क्रूने बांधायची, दुसरं टोक नुसतं टेकलेलं ठेवायचं. इमारती हलल्या की ते टोक फरशीवरून सरकतं. पट्टी संजयने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये केली, आणि खोटं कशाला बोलू, फार सुरेख केली. मग मला वाटलं संपलं.

संपलं कसलं. स्क्रू कुणाच्या बाजूला मारायचे ह्यावरून दोघा भावांत जुंपली. थोरला म्हणे, मी मोठा, पट्टी माझ्याकडे बांधा. धाकटा म्हणे, पट्टी मी केली, माझ्याकडे बांधा. मी सांगितलं की इंजिनिअरिंगच्या दृष्टीने कुठेही बांधा, काही फरक पडत नाही. हे सांगायला नको होतं, कारण मग ती निव्वळ मानाची गोष्ट झाली. दोन वेळा सुतार येऊन परत गेला. भूकंपाचा हिशेब मी अर्ध्या दिवसात केला होता, ह्या चार स्क्रूंना तीन आठवडे लागले. शेवटी यमुनाबाईच म्हणाल्या, थोरल्याकडे बांधा, धाकटा सरकता राहिलेला बरा. दोघांनाही हा आपला मान वाटला.

त्यानंतर वर्षभराने एका दुपारी मी वरण गरम करत होते आणि फडताळातल्या वाट्या किणकिणल्या. पंखा बंद होता तरी हलत होता. काही सेकंदांत थांबलं. शहरात कुठे काही पडझड नाही, पेठच्या बाजूला जरा जास्त जाणवलं म्हणे. आणि मग माझा फोन वाजायला लागला. ज्यांनी ज्यांनी माझ्या फटी भरल्या होत्या ते सगळे. मॅडम, आमची बिल्डिंग ठीक आहे ना? लोणच्याच्या बरण्यावाल्या बाईंचाही फोन आला. एक बरणी फुटली होती.

संध्याकाळी बाळासाहेबांचा आला. आवाजात तक्रार होती. म्हणाले, मॅडम, तुमची ती पट्टी सरकली आणि संजयच्या नव्या टाइलवर ओरखडा आला. केवढा, मी विचारलं. तांदळाच्या कणीएवढा, पण दिसतो. मी खुर्चीतच बसले. माझ्या कामाचं बक्षीस म्हणजे काहीही न होणं, आणि जे झालंच नाही ते कुणाला दाखवणार? पण ह्या एका ठिकाणी दाखवता येण्यासारखं काहीतरी झालं होतं. दोन इमारती वेगवेगळ्या हलल्या होत्या, पट्टीने वाट दिली होती, आणि त्याची खूण फरशीवर उमटली होती. मला ती टाइल फ्रेम करून भिंतीवर लावावीशी वाटली. हे सगळं मी बाळासाहेबांना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "पण तुम्ही काळजी करू नका मॅडम. परत सरकू नये म्हणून मी लगेच संजयच्या बाजूनेही चार स्क्रू मारून घेतलेत."

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांच्या हत्यारांच्या डब्यातला स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि रिक्षाने निघाले. तीन मजले चढताना माझे गुडघेही आता बोलतात. प्रत्येक पायरीवर मी बाळासाहेबांना काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होते, आणि भाषण चांगलं जमलं होतं. पण भाऊ दोघंही कामावर गेले होते. दार यमुनाबाईंनी उघडलं.

मी सरळ त्या दारापाशी गेले आणि वाकले. थोरल्याच्या बाजूला चार स्क्रू होते. धाकट्याच्या बाजूला चार भोकं, रिकामी. पट्टीचं टोक फरशीवर मोकळं टेकलेलं. मी वर बघितलं. पोरं कामाला निघाल्या निघाल्या यमुनाबाईंनी संजयच्या पेटीतला पेचकस घेऊन एकेक करून ते काढले होते. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि चार स्क्रू माझ्या हातावर ठेवले.

"तुमी घेऊन जा ताई," त्या म्हणाल्या. "हितं राहिले तर परत मारतील."

मी काही बोलायला गेले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. म्हणाल्या, "दोन लेकरं वाढवलीत मी. कुठं धरायचं अन् कुठं सोडायचं, मला नगा सांगू." आणि चहा टाकायला आत गेल्या. जाताना पट्टीवरून पाय टाकून धाकट्याच्या घरात गेल्या, कारण त्या आठवड्यात त्या तिकडे होत्या.

ते चार स्क्रू माझ्या टेबलावर पेन ठेवायच्या डब्यात आहेत. परवा संजयचा फोन आला होता. पट्टीचे त्याच्या बाजूचे स्क्रू कुठे गेले ते घरात कुणालाच माहीत नाही, तुम्ही काढले का, असं विचारत होता. मी म्हटलं, छे, मला काय माहीत.